बिबट म्हटलं की मांजर

आमच्या फुलचूरच्या गल्लीत सकाळी सगळ्यांत आधी कोण उठतं असं विचारलं, तर लोक कोंबड्याचं नाव घेतील. साफ खोटं. कोंबड्याला उईके गार्ड उठवत. दारातली राख वाचताना ते असे काही खाकरत की तीन गल्ल्यांपलीकडच्या कोंबड्याला आपली ड्यूटी चुकल्यासारखं वाटे आणि तो घाईघाईनं दोनदा आरवे.

राख वाचणं म्हणजे काय, ते सांगायला हवं. उईक्यांनी सारी नोकरी नागझिऱ्याच्या जंगलात वनरक्षक म्हणून काढली. तिथं वाटेवर बारीक माती पसरून ठेवायची आणि सकाळी तिच्यावरचे ठसे पाहून रात्रीतून कोण गेलं ते सांगायचं, हे त्यांचं काम. निवृत्त होऊन ते गल्लीत राहायला आले, पण सवय काही निवृत्त झाली नाही. रोज संध्याकाळी उंबरठ्याबाहेर चाळलेली राख हातभर रुंद पसरायची आणि तिच्यावरून झाडू असा फिरवायचा की आरशानं लाजावं. सकाळी उकिडवं बसून निकाल. वाघांच्या जागी दूधवाला आला, एवढाच काय तो फरक.

"याची डावी चप्पल जास्त घासली," ते मला एकदा म्हणाले. "म्हंजे डाव्या हाताची कॅन जड. म्हंजे त्या कॅनमंदी पानी."

दूधवाल्यानं दुसऱ्या दिवसापासून कॅन उजव्या हातात धरली. दूध मात्र खरोखर घट्ट झालं, याला सारी गल्ली साक्षी आहे.

स्वतः उईके मात्र राखेत कधी पाय ठेवत नसत. बाजूला एक वीट ठेवलेली. ते विटेवर पाय देऊन आत जायचे, विटेवरूनच बाहेर यायचे. कारण विचारलं तर म्हणत, "ज्याचा ठसा सापडला, तो मानूस सापडला." चौदा वर्षं शेजारी राहून मी त्यांच्या पायाची बोटं कशी आहेत ते पाहिलं नव्हतं.

माझा धंदा मंडप-डेकोरेशनचा. आमच्या धंद्यात थोडं वाढवून बोलावंच लागतं. मी एकदा उभारलेला मंडप एवढा लांब होता की नवरीकडे पाऊस पडत होता आणि नवरदेवाकडे ऊन, हे मी चारचौघांत सांगतो आणि लोक आनंदानं ऐकतात. उईके ऐकत नसत. आमची ओळखच मुळी अशी झाली. मी चौकात सांगत होतो की काल माझ्या भिंतीवर बिबट बसला होता. उईके उठले, माझ्या घरामागे गेले, पाच मिनिटांनी परत आले.

"मांजर," ते म्हणाले. "तेबी गाभन." आणि मग माझ्याकडे बघून, "मंडपवाले, आजपासून तुमी बिबट म्हटलं का मी मांजर लिहून घेईन."

तेव्हापासून गल्लीत माझ्या प्रत्येक वाक्यानंतर कोणीतरी 'म्याव' करायचं.

आता या माणसाचं आणि माझं गूळपीठ जमायचं कारण म्हणजे चिंचिला. हे नाव गोंदियात फारसं कोणाला ठाऊक नाही. कुठल्याशा परदेशी थंड डोंगरावरचा हा प्राणी. तोंड उंदराचं, कान वाजवीपेक्षा मोठे, शेपूट खारीची आणि अंगावर अशी दाट लव की हात लावला तर हात परत यायला नको म्हणतो. पाणी याला वर्ज्य, अंघोळ धुळीत. माझ्या मुलीनं नागपूरला शिकताना एक पाळला, वसतिगृहवाल्यांनी दोघांनाही बाहेर काढलं, मुलगी नोकरीला बंगळूरला गेली आणि तो आमच्याकडे राहिला. त्याचं नाव लाडू. पिंजऱ्याच्या जाळीत अडकून त्याच्या मागच्या डाव्या पायाचं एक बोट गेलेलं, बाकी तब्येत पाटलाची. दुसरा उईक्यांकडे होता. पुण्यातल्या नातवानं हौसेनं घेतला, सहा महिन्यांत कंटाळला, मग मुलानं तो वडिलांकडे आणून टाकला. उईक्यांनी त्याचं नाव ठेवलं साहेब, कारण म्हणे, "दिवसभर झोपते, उठलं का खाते, अन् कोनाले जवाब देत नाई." या साहेबाला गरमी सोसत नाही म्हणून उईक्यांनी एसी बसवला आणि मे महिन्याच्या भर दुपारी स्वतः कानटोपी घालून त्याच्याजवळ बसले. मी त्यांच्या मिशीवर दव पाहिलं आहे. बरं, दव नसेल, घाम असेल. पण कानटोपी खरी.

त्या दिवाळीनंतर त्यांचा मुलगा पुण्याहून आला. उईक्यांच्या डोळ्यांत काचबिंदू वाढत चालला होता आणि एकट्यानं राहणं आता जमणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. संक्रांत झाली की वडिलांना घेऊन जायचं, असं मुलानं ठरवलं. पण साहेब नेता येईना, कारण त्याच्या धुळीनं सुनेला दमा उठायचा. साऱ्या गावात तसलं जनावर असलेलं दुसरं घर एकच होतं. तेही नेमकं माझं.

उईके माझ्या व्हरांड्यात आले, विटेशिवाय कुठे पाय द्यावा ते कळेना म्हणून पायरीखालीच उभे राहिले.

"दोन नर आहेत," ते म्हणाले. "जंगलात दोन नर एका नाल्यावर राह्यत नाईत."

"मुलगी म्हणते राहतात, काकाजी. हळूहळू ओळख करून दिली तर."

"पोरीचं म्हननं कोनं तपासलं?" मग त्यांनी अटच घातली. "दोघं एका पिंजऱ्यात, एकमेकाले टेकून झोपले पाह्यजेत. एक दिवस नाई, सात दिवस. तवाच मी पुण्याले जाईन. नाई तं जात नाई. डोरे गेले तं गेले."

मुलगा मागे उभा होता. त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू बापाचे डोळे आता माझ्याच हातात आहेत.

दुसऱ्या दिवसापासून माझी चौकशी सुरू झाली. साहेबाचा पिंजरा आमच्या मुलीच्या खोलीत, लाडूच्या पिंजऱ्यापासून वीतभर अंतरावर ठेवला; जवळ ठेवला तर जाळीतून एकमेकांची बोटं चावतात. आणि त्या वीतभर जागेसमोर स्टूल टाकून उईके बसले. इन्व्हर्टर किती वेळ चालतो? लग्नसराईत तुमी रात्र रात्र मंडपावर, मग एसी कोन पाहते? वहिनी माहेरी किती दिवस जातात? बायकोनं सांगितलं, "चार दिवस, काकाजी." संध्याकाळी त्यांनी तोच प्रश्न मला एकट्याला गाठून विचारला. मी म्हटलं, "दोन." त्यांनी मान हलवली. "बयानात फरक आहे."

खरं सांगतो, मलाही संशय येऊ लागला. हा माणूस दाराच्या कड्या मोजतो, खिडकीचे गज बोटांनी चाचपतो. याला साहेब ठेवायचा आहे की लाडू पळवायचा आहे? मी बायकोला म्हटलं. ती म्हणाली, "तुमचा लाडू पळवून नेईल कोण? त्याला उचलायला दोन माणसं लागतात." व्हरांड्यात त्यांनी आमच्याही दारात राख पसरली, मांजर येते का पाहायला, आणि बाजूला स्वतःसाठी एक वीट आणून ठेवली.

मुलगी रोज व्हिडिओवर शिकवायची. आठवडाभर धुळीची भांडी बदलायची, म्हणजे याचा वास त्याला लागतो. ही धूळ खास असते, पुडक्यातून येते. उईक्यांनी ती हुंगली, जिभेला लावली आणि म्हणाले, "धूळ पुडक्यात बांधून इकते. याहून मोठा चोर जंगलात नाई पाह्यला." मग पिंजरे बदलायचे, साहेब लाडूच्या घरी, लाडू साहेबाच्या. पहिल्या दिवशी दोघंही भुंकले. हो, भुंकतात. उईके भारावून म्हणाले, "साहेब पहिल्यांदा बोलला." शेवटी दोघांना अशा जागी एकत्र आणायचं, जी दोघांपैकी कोणाचीच नाही. आम्ही कोरडं न्हाणीघर निवडलं. दोन तोंडांचे खोके, दोन ठिकाणी गवत, हातात जाड टॉवेल. आणि फरशीवर उईक्यांनी तीच पुडक्यातली धूळ पसरली, झाडू फिरवून गुळगुळीत.

"काऊन?" मी विचारलं. "आपण समोरच बसलो आहोत की."

"डोरे खोटं पाह्यतेत," ते म्हणाले. "धूळ नाई."

तीन दिवस अर्धा अर्धा तास शांततेत गेला. दोघं एकमेकांना पाहून न पाहिल्यासारखं करत, व्याह्यांसारखे. चौथ्या दिवशी दुपारी मला फोन आला, मी अंगणात गेलो. आतून किंचाळी ऐकू आली. मी धावलो. म्हणजे असा धावलो की चप्पल अंगणात आणि मी न्हाणीघरात. उईके स्टुलावर बसले होते. मांडीवर टॉवेलात एक जनावर गुंडाळलेलं, फक्त श्वास दिसत होता. फरशीवर बांबूची टोपली पालथी घातलेली, तिच्याखाली दुसरं. आणि मधोमध राखाडी केसांचा मूठभर झुपका. घाबरला की हा प्राणी शत्रूच्या तोंडात लव सोडून पळतो.

"मले धूसर दिसलं," उईके म्हणाले. इतक्या महिन्यांत त्यांनी हे पहिल्यांदा कबूल केलं. "कोनं कोनाले धरलं ते दिसलं नाई. वाचा."

"मी?"

"तुमाले डोरे आहेत ना? वाचा."

मी गुडघ्यावर बसलो. धुळीत सारं लिहिलेलं होतं. एक जण खोक्यात बसलेला, त्याचे पाय हललेले नव्हते. दुसरा भिंतीकडून आला होता, आधी हळू, मग दोन उड्या. उडीच्या जागी मागचे पाय खोल रुतलेले. डाव्या पायाला एक बोट कमी.

माझा लाडू.

आता ऐका, मी जन्मभर मांजराचा बिबट केलेला माणूस. इथं तर बिबटाचं मांजर करायचं होतं, त्याहून सोपं. साहेबानंच खोडी काढली म्हटलं असतं, किंवा दोघांची सारखीच चूक. म्हातारा पुण्याला गेला असता, डोळे वाचले असते, मुलानं हात जोडले असते. खरं सांगितलं तर तो साहेबाला उचलून घरी नेणार आणि एसीत कानटोपी घालून आंधळा होणार. माझ्या तोंडात तयार वाक्य होतं, चांगलं सजवलेलं. ते का गिळलं, मला अजून नीट सांगता येत नाही. टॉवेलातल्या त्या श्वासाकडे पाहिलं असेन.

"लाडूनं केलं," मी म्हटलं. "साहेब बसून होता. आमच्या पठ्ठ्यानं भिंतीकडून येऊन झडप घातली. चूक सारी आमची, काकाजी."

उईक्यांनी वाकून टोपली उचलली. खाली लाडू बसला होता, तोंडाला लव चिकटलेली.

"गुन्हेगार मी पहिलेच बंद केला होता," ते म्हणाले आणि धुळीनं माखलेली चार बोटं मला दाखवली. "बोटानं वाचलं."

"मग मला कायले वाचायला लावलं?"

"मले गुन्हेगार नोता शोधायचा."

मला ते कळायला तिथून उठून चहा घेऊन येईपर्यंतचा वेळ लागला. तोवर त्यांनी साहेबाला तपासलं होतं. जखम नव्हती, फक्त लव गेली होती. त्यांनी त्याला घरी नेलं नाही. वीतभर अंतरावरच्या पिंजऱ्यात परत ठेवलं आणि म्हणाले, "पयल्यापासून चालू. भांडे बदला."

आणि पहिल्यापासून केलं. या वेळी घाई नाही. पौष लागला, थंडी अशी पडली की माझा मंडप रात्रभर उभा राहून सकाळी कुडकुडत होता. एका दुपारी साहेब धुळीच्या भांड्यात लोळत असताना लाडू आत घुसला. उईक्यांनी टॉवेल धरला. पण लाडूनं फक्त कूस बदलली आणि दोघं एकाच भांड्यात लोळले, भांडं पुरत नसताना. मग एकत्र पिंजरा. सकाळी मी पाहायला गेलो, परत येऊन त्यांना सांगितलं. जेवढं होतं तेवढंच.

"साहेबाची मान लाडूच्या पाठीवर. लाडूचा कान दुमडलेला. दोघं झोपलेत."

त्यांनी विचारलं नाही, नीट पाहिलं का? फेरप्रश्न नाही, बयानातला फरक नाही.

"बरं," म्हणाले. "बिबट लिहितो."

सात दिवस त्यांनी मलाच पाहायला पाठवलं. स्वतः पिंजऱ्यावर वाकून पाहिलं नाही.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी मुलगा गाडी घेऊन येणार होता. दारातच निरोप द्यायचा म्हणून मी हार सांगून ठेवला होता, तिळगुळाचा डबा भरला होता. सकाळी उठून बाहेर आलो तर शेजारच्या दाराला कुलूप. गाडी भल्या पहाटेच गेलेली. निरोप घेताना माणूस सापडतो, असंच काहीतरी त्यांना वाटलं असणार. मी मनातल्या मनात त्यांना एक शिवी दिली आणि वळलो.

आमच्या व्हरांड्यात कालची राख पसरलेली होती. बाजूला वीट, तिच्यावर धुळीचा कण हललेला नाही. आणि राखेच्या बरोबर मधून, सरळ, अनवाणी दोन पाय मुलीच्या खोलीकडे गेलेले. ती खोली व्हरांड्यात उघडते आणि कडी कशी निघते हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक.

मी उकिडवा बसलो आणि वाचलं. आत जाताना पावलं लहान, अंदाज घेत टाकलेली. दारापाशी दोन्ही पाय जोडून, टाचा खोल. बराच वेळ उभे होते. परततानाही तसेच मधून. आणि पायरीजवळ एका जागी हाताची चार बोटं हलकेच ओढलेली. मांजर आलं होतं का, ते शेवटचं तपासून गेले. चौदा वर्षांनी मला कळलं, उईक्यांचा उजवा अंगठा बाहेर वळलेला आहे.

बायको झाडू घेऊन आली. मी धावत न्हाणीघरातली टोपली आणली आणि दारापाशी टाचा रुतल्या होत्या, तिथं पालथी घातली.

ती अजून तिथंच आहे. येणारा-जाणारा विचारतो, मंडपवाले, खाली काय दडवलं? मी सांगतो, एक म्हातारा माणूस आमच्या राखेत पाय देऊन आत आला होता, त्याचा ठसा आहे. लोक हसतात, कोणीतरी 'म्याव' करतं. म्हणतात, सोडा हो, काहीतरी मोठं सांगा.

यापेक्षा मोठं माझ्याकडे काही नाही.