वरचा दात आधी

दातांच्या दवाखान्यात मी नोंदणीच्या टेबलाशी बसते. डॉक्टर आत, मी बाहेर. बाळाला कडेवर घेऊन आलेल्या बायांना काय सांगायचं ते मला आता झोपेतही येईल. हिरड्या शिवशिवतात म्हणून तो सापडेल ते चावतो. स्वच्छ ओला कपडा फ्रिजमध्ये गार करून द्या, बर्फ देऊ नका. मेडिकलमधून हिरडी बधिर करायचं जेल आणू नका. दूध प्याला की ओल्या मलमलीने हिरड्या पुसा, पहिला दात दिसला की मऊ ब्रश. मध चाटवू नका. एवढं ऐकून झालं की बाई दारापर्यंत जाते, परत येते आणि आवाज खाली आणून विचारते, वरचा दात आधी आला तर? वरचे दात आधी आले तर मामाला जड जातात, असं आमच्याकडे म्हणतात. मी हसून सांगते, काही नसतं हो, एखाद्याचा क्रम उलटा असतो.

माझ्या मुलाचा वरचा दात आधी आला.

तेव्हा तो सहा महिन्यांचा होता. नवरा गोव्यात कंपनीत, रविवारी यायचा. बाळंतपणाची रजा संपल्यावर मी कुणकेश्वराच्या बाजूला माहेरीच राहिले होते आणि तिथूनच दवाखान्यात जायचे. घरात आई आणि माझा धाकटा भाऊ. वडील आम्ही शाळेत असतानाच गेले, तेव्हापासून आंब्याची कलमं आणि भातशेतीचे चार कोपरे भाऊच बघायचा. मी कामावर गेले की बाळ आईकडे. दोन वर्षं तान्हं मूल मागत होती ती, मिळाल्यावर खाली ठेवायला तयार नव्हती.

दात आईच्या आधी भावाला सापडला, असं मी पुष्कळ दिवस समजत होते. पडवीत बसून तो बाळाला बोट चावायला देत होता. हात धुतलास का, असं मी तिसऱ्यांदा विचारत होते, आणि तो मला दवाखानेवाली म्हणून चिडवत होता. मग त्याने बोट आत एकदा उलटं फिरवलं आणि म्हणाला, "गो, ह्येका वर दात येता." मी ओठ उचलून पाहिलं. वरच्या हिरडीत पांढरी कड होती, खाली काहीच नव्हतं. भाऊ पोट धरून हसला. म्हणजे आपला निकाल लागला म्हणाला. मग आतल्या खोलीकडे बघत हळूच म्हणाला, "आयेक सांगू नको. लावणी सोडून माका नारळ घेवन देवळात उभो करतली."

त्यावर उपाय तोच असतो. मामाने गावच्या देवळात नारळ ठेवायचा आणि गाऱ्हाणं घालायचं, की देवा, काही इडापीडा असेल ती दूर कर. अर्ध्या तासाचं काम. पण भावाला असल्या गोष्टींचा कंटाळा होता आणि मला त्याच्याबरोबर आईपासून काहीतरी लपवण्यात मजा वाटली. लहानपणी आम्ही काजू भाजून खायचो ते लपवायचो तसंच. मी सांगितलं नाही. पंधरा दिवसांत खालचेही दोन फुटले आणि मला वाटलं, सुटलो.

लावणीत तो आठ दिवस गुडघाभर चिखलात होता. पायाला कुठेतरी कापलं होतं, त्याकडे कोण बघतो. त्याच आठवड्यात बाळ किरकिरं होतं, लाळेने हनुवटी लाल झाली होती, मी तिला खोबरेल लावत होते आणि दिवसातून तीनदा ताप मोजत होते. दातांमुळे फार ताप येत नाही, आला तर डॉक्टरला दाखवा, हेही मी बायांना सांगते. भाऊ म्हणाला अंग दुखतंय. भिजला असशील, असं आम्ही दोघींनी म्हटलं. थर्मामीटर बाळाच्या कपड्यांत होता. तिसऱ्या दिवशी त्याचे डोळे लाल दिसले, तेव्हा मी तो भावाला लावला. तालुक्याच्या इस्पितळात नेला तर लेप्टो निघाला, पावसाळ्यात चिखलातून येणारा ताप. तिथून गोव्याच्या मोठ्या इस्पितळात नेला आणि पाचव्या दिवशी तो गेला. एवढंच झालं. याहून जास्त मला आठवत नाही, किंवा आठवतं ते बिनकामाचं आहे: इस्पितळाच्या बाहेर एक माणूस अननसाच्या फोडी विकत होता, मी एक पुडा घेतला आणि सगळा खाल्ला.

मी रडले नाही. दाखवायला म्हणूनही रडू आलं नाही. दहाव्याला, तेराव्याला लोक आले, मी चहा दिला, कप धुतले. बाळाचे दात रोज दोन वेळा पुसले, एक दिवस चुकवला नाही. कुणी माझ्या पाठीवर हात ठेवला की तो हात कधी उचलतील याची वाट बघायचे. मी वाईट बहीण आहे की काय, असं मनात यायचं आणि तेही जायचं.

आईने मात्र बाळाला उचलणं सोडलं. बोलली काही नाही. नाचणीचं सत्त्व करायची, वाटी माझ्याजवळ ठेवायची आणि मागल्या दारी जायची. बाळ रांगत तिच्या पायाशी गेलं तर ती उभी राहायची, हात लुगड्याला पुसत, आणि मी येऊन त्याला नेईपर्यंत तशीच. मी दवाखान्यात सांगून रजा वाढवून घेतली. मला भीती एकाच गोष्टीची होती. वरचा दात आधी आला होता, हे तिला कळेल. एकदा कळलं की हे पोर तिच्यासमोर जन्मभर तोंड उघडून हसणार आणि तिला दुसरं काही दिसणार नाही. आणि ते तर तेव्हा कुणालाही बघून हसायचं, खांबालासुद्धा.

तेराव्याच्या दुपारी ते शेजारच्या काकीला बघून हसलं. काकी बघत राहिली. मग तिने विचारलंच, आधी खालचे आले की वरचे? मी म्हटलं, खालचे. इतक्या पटकन म्हटलं की मला माझंच आश्चर्य वाटलं. आई भिंतीला टेकून तांदूळ निवडत होती, तिने मान वर केली नाही. मी दवाखान्यात बायांना हसून जे सांगते ते त्या दिवशी मला सांगता आलं नाही. माझा त्यावर विश्वास नाही, कधीच नव्हता. तरी खोटं बोलले.

गणपती झाले. आमच्याकडे वर्षाचा दुखवटा, त्यामुळे त्या वर्षी झाले नाहीत असंच म्हणायचं. एका दुपारी बाळाची वरच्या बाजूची हिरडी सुजली होती आणि ते काही केल्या राहत नव्हतं. गार कपडा फेकला, गाजर फेकलं, माझा खांदा चावला. मी त्याला मांडीवर आडवं धरून मलमल बोटाला गुंडाळत होते आणि ते किंचाळत होतं. माझ्यात काही हलत नव्हतं. जरा वेळाने हे थांबेल, एवढंच मी बघत होते.

आई मागल्या दारातून आली आणि समोर जमिनीवर बसली.

"काकीक खोटा सांगलंस," ती म्हणाली.

मी बोट बाळाच्या तोंडात तसंच ठेवलं.

"माका ठावक होता. पेज भरवताना चमचो वर वाजलो. तू कामावर गेललंस."

भाऊ जायच्या आधी की नंतर, ते मला समजेना. मग तिने स्वतःच सांगितलं. भावाला सांगितलं असतं तर तो हसला असता, म्हणून तिने त्याला सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी बाळाला काकीकडे ठेवून ती एकटी देवळात गेली, नारळ ठेवला, गाऱ्हाणं घातलं आणि कुणाला बोलली नाही. मी दवाखान्यात, तो कलमांत.

"नारळ मामानच ठेवूचो लागता," ती म्हणाली. "मियाच ठेवलंय. तेका येवढ्यासाठी कशाक बोलवू म्हटलंय."

ती स्वतःलाच दोष देत होती, म्हणून बाळाला उचलत नव्हती. मी इतके दिवस धरून चालले होते की तिला बाळाची भीती वाटते.

दाताने काही होत नाही, हे सांगायला मी तोंड उघडलं. नारळ कोणी ठेवला त्यानेही होत नाही. चिखलातून होतं, पायाच्या कापातून होतं, थर्मामीटर तीन दिवस बाळाच्या कपड्यांत राहिला त्यातून होतं. पण मी वेगळंच सांगितलं. म्हटलं, आये, त्याला माहीत होतं. त्यालाच आधी सापडला दात. पडवीत, बोट चावताना. तोच म्हणाला, आयेला सांगू नको, नारळ घेऊन उभा करेल. तू सांगितलं असतंस तरी तो देवळात गेला नसता.

आईने विचारलं,

"तो हसलो?"

"हसलो," मी म्हटलं. "पोट धरून हसलो."

हे बोलताना माझा आवाज फाटला आणि मग मला आवरेना. इस्पितळापासून साठलेलं सगळं एकदम आलं, बाळ घाबरून गप्प झालं. आईने पुढे होऊन त्याला माझ्या मांडीवरून उचलून घेतलं, बोट पदराला पुसलं आणि त्याच्या वरच्या हिरडीवरून हळूहळू फिरवायला लागली.