आधी तू पी

मुकुंदवाडीत आशा सेविका म्हणून काम करताना माझ्या तोंडावर बरीच दारं आपटली, पण सारजाबाईंच्या दाराची गोष्टच वेगळी. त्या दार आपटत नाहीत, अर्धं उघडून माणसाला डोक्यापासून पायापर्यंत तपासतात. पिशोरहून इथं येऊन वीस वर्षं झाली, मुलगा सोमनाथ शेंद्र्याला कंपनीत लागला, तरी बाईंनी या शहरात कोणावर विश्वास टाकलेला नाही. दूध आलं की बोट बुडवून बघतात, सिलिंडर आला की हलवून बघतात. सुनेला मी लोहाच्या गोळ्या दिल्या, तर त्यांनी एक गोळी पाण्यात टाकून ठेवली आणि पाणी तांबडं झालेलं दाखवायला मला घरी बोलावलं.

त्या सुनेला, सोनियाला, सहावा महिना लागला तरी साखरेची तपासणी झालेली नव्हती. आरोग्य केंद्रातल्या सिस्टर म्हणाल्या, "तनुजा, हिचं पोट दिवसांच्या मानानं मोठं आहे. उद्याच आण." गरोदरपणी आईची साखर वाढली आणि कोणाच्या लक्षात आलं नाही, तर बाळ नको तेवढं वाढतं, कधी जिवावरही बेततं. मला धास्ती वाटली ती त्याचीच.

दुसऱ्या दिवशी सोनियासोबत सासूही आली. ग्लुकोजचं पाणी पाजून दोन तासांनी बोट टोचायचं, हे ऐकून त्या भडकल्या.

"साखर तुम्हीच पाजायची अन् साखर निघाली म्हणून तुम्हीच बोंबलायचं? कुठला न्याय हाय ह्यो?"

"मावशी, चांगल्या शरीरात ती दोन तासांत जिरते. बिघाड असला तर रक्तात तशीच राहते."

"तुझी जिरती का?"

"जिरते की."

"मग आधी तू पी. अन् मलाबी दे. बघतेच तुमचं मशीन."

सिस्टर वैतागल्या होत्या, पण सोनिया पिणार असेल तर काहीही चालेल, असं त्यांच्या तोंडावर दिसत होतं. सारजाबाईंनी ग्लुकोजच्या तिन्ही पुड्या स्वतः फाडल्या. पाणी घरच्या बाटलीतलं, चमचाही घरचाच. ढवळून, वास घेऊन तीन पेले भरले. मग दोन तास त्या बाकावरून हलल्या नाहीत. मी जरा उठले तरी "कुठं चालली?" म्हणून दरडावायच्या. मला हसूही येत होतं आणि संतापही.

माझी साखर एकशे सहा निघाली. सोनियाची एकशे एकोणऐंशी. एकशे चाळीसच्या आत हवी होती.

"पोरीला उगं भेडवायले," असं म्हणत त्यांनी स्वतःचं बोट पुढं केलं. दोनशे चौऱ्याहत्तर.

"मशीन बिघडलंय."

सिस्टरनी मुकाट्यानं माझं दुसरं बोट टोचलं. एकशे चार. पाणी त्यांचं, चमचा त्यांचा, पुड्या त्यांनीच फाडलेल्या. संशय घ्यायला जागाच उरली नव्हती.

त्यांनी खालच्या आवाजात विचारलं, "ही साखर जवानीतबी ऱ्हाती का?"

मग त्यांनी सांगितलं. सोमनाथच्या आधी त्यांना एक लेकरू झालं होतं. नववा भरला आणि त्याचं हलणं थांबलं. जन्मलं तेव्हा जीव नव्हता, आणि एवढं मोठं की दाईच्या हातात मावेना. बाळंतपणाच्या थोडं आधी धाकटी जाऊ, नवी नवरी असलेली आवडा, सहज बोलून गेली होती, "अक्का, पोटात दोन हायेत का काय?" तिचीच नजर लागली, हे सारजाबाईंनी मनात पक्कं केलं. चौतीस वर्षं तिच्या हातचं पाणी प्यायल्या नाहीत. तिच्या पोरांच्या लग्नांनाही गेल्या नाहीत.

"इतक्या वर्षांनी नक्की कोण सांगणार, मावशी?" सिस्टर म्हणाल्या. "पण साखर असू शकते."

खरं सांगते, सारजाबाईंची कीव यायच्या आधी मला आवडाबाईंसाठी राग आला. चौतीस वर्षं, एका वाक्यापायी! पण पदर तोंडाला लावून बसलेल्या त्या बाईला बोलणार काय?

त्यांनी डोळे पुसले. "सुनेला मोठ्या डॉक्टरकडं कवा न्यायचं? काय खायचं, काय नाय, समदं नीट सांगा." सिस्टर सांगत गेल्या आणि पहिल्यांदाच त्यांनी मधे एकही शंका काढली नाही. मग म्हणाल्या, "आवडाचा नंबर कुठून मिळंल?"

सोनियानं भीतभीत फोन काढला. "माझ्याकडं हाय, आत्याबाई."

"तुझ्याकडं कसा?" डोळे पुन्हा बारीक झाले.

"त्या विचारत असत्यात. तुमचंच."

फोन लागला. पलीकडून "कोण?" असं ऐकू आलं.

"आवडे, मी सारजा."

पलीकडून घाबरलेला आवाज आला, "काय झालं, अक्का? पोरगी बरी हाय ना?"

"बरी हाय. पुढल्या महिन्यात तिची ओटी भरायचीय, तू ये. गोडाचं काय आणू नको, तिला बंद केलंय. नुसती ये." सारजाबाईंनी सोनियाकडं पाहिलं. "अन् आली की तिच्या पोटाकडं डोळं भरून बघ."