पाकिटावरची आक्का

तलावाच्या धक्क्यावर गळाला आमिष म्हणून जिवंत मासोळ्या विकणाऱ्या आक्काचा राग कायम नाकाच्या शेंड्यावर. गिऱ्हाईकानं टाकीत हात घातला की ती त्या हातावर चापट मारायची. "साबणाचा हात माझ्या पाण्यात नको!" नळाचं पाणी ती रात्रभर उघडं ठेवून मगच टाकीत ओतायची, नाहीतर त्यातल्या औषधानं मासोळ्या पोट वर करून मरायच्या. गळ कसा टोचायचा तेही तीच दाखवायची: पाठीच्या कातडीतून, कण्याला धक्का न लावता. कणा दुखावला की मासोळी नुसती लोंबकळते, आणि तशीकडे तळातला शिकारी मासा ढुंकूनही बघत नाही. तिच्या शब्दावर लोक डोळे मिटून विश्वास ठेवायचे. आयुष्यभरात तिनं तेवढंच कमावलं होतं.

आई गेल्यावर धाकट्या भावाला तिनं याच टाक्यांवर वाढवलं. मोठा झाल्यावर तो तिच्या समोरच प्लास्टिकच्या माशांचं दुकान थाटून बसला. आक्कानं तेही गिळलं. त्यालाही पोट आहे, म्हणाली.

एके सकाळी तिचं जुनं गिऱ्हाईक, एक बसचा ड्रायव्हर, लालबुंद होऊन आला. "आक्का, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती. अख्खा दिवस बसलो. एकदाच ओढ लागली, तर तो मासाही आमिष थुंकून गेला." त्यानं टाकीच्या कडेवर एक पाकीट आपटलं. आत प्लास्टिकचा मासा, वर भावाच्या लग्नातला आक्काचा हसरा फोटो, आणि खाली छापलेलं: 'आक्काची खात्री'. खाल्ल्या घरचे वासे मोजणारे पुष्कळ असतात, या पठ्ठ्यानं तर वासेच विकायला काढले होते.

आक्काच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ओल्या हातानंच ती समोर भावाच्या दुकानात शिरली.

"हे काय?"

"जाहिरात. एवढं काय त्यात, आक्का?"

"एवढं काय? अरे, मासोळी तडफडते, तिची थरथर मोठ्या माशाला कुशीवर शेपटीपर्यंत जाणाऱ्या रेषेतून कळते, गढूळ पाण्यातसुद्धा! तिला वास असतो, चव असते. तुझं प्लास्टिक तोंडात घेतलं की तो थुंकून टाकतो."

"प्लास्टिकवरही मासे लागतात की."

"ज्याला ते खेळवता येतं, त्याला लागतात. मग ते छापायचं होतंस!"

भाऊ हसला. "मासे कुठे पाकिटं घेतात? माणसं घेतात. नुसतं प्लास्टिक बघून कोणी थांबत नव्हतं. तुझा चेहरा लावला आणि थांबायला लागले."

"म्हणजे माणसांनाही आमिष जिवंतच लागतं, हे तुलाही पक्कं ठाऊक आहे," आक्का म्हणाली. तिचा आवाज इतका खाली गेलेला भावानं कधी ऐकला नव्हता. त्याचं हसू थांबलं.

तिनं दारात टांगलेल्या पाकिटांची माळ खसकन ओढली, पायरीवर बसली आणि एकेका पाकिटावरून स्वतःचा चेहरा फाडायला लागली. येणारे-जाणारे थबकले. भावानं धावत येऊन तिचं मनगट धरलं.

"आक्का, तमाशा करू नकोस! पाकिटं माझी आहेत!"

"पाकिटं तुझी. तोंड माझं," आक्कानं हात सोडवून घेतला आणि पुढचं पाकीट फाडलं.