ठिपक्यांचा बाण

नागपूरच्या धरण-कचेरीत मी टायपिस्ट होते; कामांचा तक्ता आमचा आरेखक काढायचा. पूर्वी प्रत्येक कामाची एक सरळ पट्टी असे. कोणते काम कशावाचून अडते ते त्यातून कळत नसे. मग बाणांची नवी पद्धत आली: प्रत्येक काम एक बाण, आणि त्याच्या आधी कोणते काम संपायला हवे ते दिसे. ती शिकून आल्यापासून त्याच्या तोंडी एकच प्रश्न असे. मी इतवारीत भांडी घ्यायला निघाले, की विचारायचा, "याच्या आधी काय, बाई?"

"पगार!" मी म्हणायची. तो खूष व्हायचा.

तक्त्यावर 'धरणाचे दरवाजे बंद करणे' या कामाच्या आधी त्याने एक लांब बाण काढला होता: गाव हलवणे. बुडणारे ते गाव पारशिवनीकडचे. तिथे त्याची आई राहत होती.

साहेबांना दरवाजे बंद करण्याची तारीख अलीकडे आणायची होती. "हा बाण ठिपक्यांचा करा," ते म्हणाले. ठिपक्यांचा बाण म्हणजे नुसता क्रम. त्याला काम नाही, वेळही नाही.

"साहेब, लोकायले घरं तं बांधू द्या. जातील कुठी?"

"पाणी आलं की निघतात आपोआप. तुमच्या पद्धतीत बसतो ना ठिपक्यांचा बाण?"

"बसते," तो म्हणाला.

त्याने पट्टी लावून ठिपके काढले, नेहमीसारखेच सुबक. तक्ता भिंतीवर लागला.

संध्याकाळी पिशवी उचलून मी मुद्दाम म्हटले, "इतवारीत चालले हो. याच्या आधी काय?"

तो पेनाची निब पुसत होता.

"काही नाही, बाई," तो म्हणाला. "जा तुम्ही."