निकालाच्या आधी लागलेला फ्लेक्स

किस्से कुणी ठरवून गोळा करत नाही. आमच्या कॉलेजच्या कॉम्प्युटर विभागाच्या स्टाफरूममध्ये तीन खुर्च्या, एक कपाट आणि एक बंद पडलेला प्रोजेक्टर आहे. त्या प्रोजेक्टरवर धूळ साचते तसे आमच्याकडे किस्से साचतात. झटकायला कुणी येत नाही, म्हणून राहतात. त्यात स्टाफरूममधल्या कुणी पीएचडीला अर्ज केला तर विचारूच नका! अर्ज एकाचा असतो, पण तो भरायला आधी अख्खा विभाग लागतो आणि मग अख्खं गाव.

आमच्याकडे तो अर्ज रेणुकानं केला. रेणुका माझी जुनी विद्यार्थिनी, आता आमच्याच विभागात तासिकेवर शिकवते. तासिकेवर म्हणजे जेवढे तास तेवढा पगार, आणि उन्हाळ्यात रामराम! घर कुंभार पिंपळगावला, वडिलांची मोसंबीची बाग. तिला एका मोठ्या सरकारी संस्थेत एआयमध्ये, म्हणजे आर्टिफिशियल इंटेलिजन्समध्ये पीएचडी करायची होती. त्यासाठी गेट या परीक्षेचा स्कोअर लागतो आणि तो तीनच वर्षं चालतो. दोन वर्षं नकारात गेली होती.

"यंदा झालं तर झालं सर," ती म्हणायची. "पुन्हा पहिल्यापासून गेटचा अभ्यास आता माझ्यानं व्हायचा न्हाई."

ती हे अगदी साध्या आवाजात सांगायची. म्हणून मला जास्त धाकधूक व्हायची.

*

पहिली दोन वर्षं तिचा विषय होता मोसंबीच्या पानांवरचे रोग. पानाचा फोटो काढायचा, मशीननं रोग सांगायचा. तिसऱ्या वर्षी तिनं अर्जाआधी त्या संस्थेतल्या एका प्राध्यापकांना मेल पाठवून मत विचारलं. एका ओळीत उत्तर आलं: "पानांचे रोग माझ्याकडे देशभरातून आलेले आहेत. तुमच्याकडे दुसरं काही आहे का?"

दुसरं काही बागेतच होतं. आमच्या भागात फळ झाडावर असतानाच बागेचा सौदा होतो. व्यापारी येतो, बागेतून एक चक्कर मारतो आणि "एवढा माल निघंल" म्हणून ठोक भाव सांगतो. पानांआड किती फळ लपलंय ते त्यालाही दिसत नाही आणि शेतकऱ्यालाही दिसत नाही, पण अंदाज नेहमी त्याचाच चालतो. रेणुकानं ठरवलं, व्हिडिओवरून झाडावरची फळं मोजायची आणि न दिसणाऱ्या फळांचा अंदाज मशीनकडून काढून घ्यायचा.

काठीला मोबाईल बांधून ती झाडाभोवती फिरत होती, तेवढ्यात व्यापारी आला. त्यानं तिच्या वडिलांना, म्हणजे अण्णांना विचारलं, "हे काय चालूये?"

अण्णा बांधावर बसलेले. शांतपणे म्हणाले, "मशीन फळ मोजून राह्यलं. बसा, आत्ता आकडा येतो."

व्यापारी बसला नाही. उभ्याउभ्या त्यानं आपला भाव वाढवला आणि सौदा पक्का करून गेला!

खरं सांगायचं तर मशीन तेव्हा फारच कच्चं होतं. त्या दिवशीच्या व्हिडिओत त्यानं अण्णांचं टक्कलही मोसंबीत धरलं होतं. पण अण्णा खूश. "झाली की पीएचडी," ते रेणुकाला म्हणाले. "अजून कशाला शिकून राह्यली?"

*

अर्जासोबत स्वतःबद्दल दोन पानं इंग्रजीत लिहायची होती. मी म्हटलं, एआयचाच अर्ज आहे, तर एआयलाच कामाला लावू. रेणुकाची माहिती एका चॅटबॉटला दिली आणि म्हटलं, जरा मनाला भिडेल असं लिही. त्यानं झकास लिहिलं. सुरुवातच अशी होती की, लहानपणी समुद्रकिनाऱ्यावर लाटा मोजता मोजता मला गणिताची गोडी लागली.

रेणुकानं वाचलं, लॅपटॉप माझ्याकडे सरकवला आणि म्हणाली, "सर, समुद्र मी अजून पाह्यलाच न्हाई."

मग तिनं ती दोन पानं स्वतः लिहिली. समुद्राच्या जागी व्यापारी घातला.

*

मग आली शिफारसपत्रं. तिनं घरी फोनवर कुणाशी तरी बोलताना म्हटलं, की दोन शिफारशी लागतात. अण्णांनी ते ऐकलं आणि कुणाला न विचारता कामाला लागले. शिफारस म्हणजे काय ते त्यांना पक्कं माहीत होतं. बोअर असो, विजेची डीपी असो, बदली असो, शिफारस कुठून आणायची ते ठरलेलं असतं!

आठवड्यानं त्यांनी पंचायत समितीच्या माजी सभापतींचं पत्र आणलं. लेटरहेडवर, सही-शिक्क्यासह. मजकूर असा: "सदर मुलगी माझ्या चांगल्या परिचयाची असून तिची वर्तणूक चांगली आहे. तरी तिला प्राधान्याने एआय मंजूर करावे, ही विनंती."

ते पत्र आम्ही पाठवलं नाही. पण फेकलंही नाही. अजून कपाटात आहे.

*

खरी शिफारस द्यायची होती एक मी आणि एक आमचे विभागप्रमुख शेळके सर. शेळके सरांएवढा मोठ्या मनाचा माणूस जिल्ह्यात नसेल. प्रॅक्टिकलला ते कुणाला वीसपैकी अठराच्या खाली देत नाहीत. संस्थेकडून त्यांना लिंक आली. त्यात प्रश्न होता: तुम्ही शिकवलेल्या सगळ्या विद्यार्थ्यांमध्ये ही मुलगी वरच्या किती टक्क्यांत येते? दोन, पाच, दहा, पंचवीस की पन्नास?

सर तास आटोपून आले, लॅपटॉप उघडला, बटणं दाबली आणि समाधानानं चहा मागवला.

"भरलं रे! सगळ्यात जास्त दिले. पन्नास!"

रेणुका उभी होती ती खुर्चीवर बसली. मी म्हटलं, "सर, दोन टक्के द्यायचे होते. वरच्या दोन टक्क्यांत म्हणजे सगळ्यात हुशार."

"काहीतरीच काय!" सर म्हणाले. "आपल्या लेकराला मी दोन टक्के देऊ? शोभतं का ते?"

समजावून सांगण्यात चहा संपला. समजल्यावर सरांचा चेहरा पाहवेना, कारण लिंक एकदा भरली की पुन्हा उघडत नाही. मग त्यांनी स्वतः बसून संस्थेला मेल लिहिला: "सदर विद्यार्थिनीस माझ्याकडून नजरचुकीने पन्नास टक्के देण्यात आले आहेत. तरी ते दोन टक्के समजण्यात यावेत. तसदीबद्दल क्षमस्व."

दुसऱ्या दिवशी संस्थेचं उत्तर आलं: "समजले."

*

मे महिन्यात मुलाखतीला बोलावणं आलं. रेणुकानं घरी सांगितलं आणि इथंच सगळं बिघडलं, कारण घरात नाना होते. नाना म्हणजे रेणुकाचे धाकटे काका. गावात कुणाचंही काही झालं की फ्लेक्स लावायचं खातं त्यांच्याकडे. आमच्याकडे भावी सरपंच आणि भावी आमदार निकालाच्या आधीच चौकात लटकत असतात, तेव्हा नानांना यात काही वावगं वाटलं नाही.

त्यांनी वडीगोद्रीला हायवेवरच्या दुकानात फ्लेक्स छापला आणि गावच्या बसस्टँडवर ठोकला: "आमची कन्या रेणुका हिची एआय पीएचडीसाठी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!" खाली शुभेच्छुकांचे फोटो. नाना मधोमध, काळा चष्मा घालून मोबाईलवर बोलताना. रेणुका एका कोपऱ्यात, आधार कार्डावरच्या फोटोत.

ती संध्याकाळी परीक्षेचं काम आटोपून कॉलेजातून बसनं उतरली आणि समोर स्वतःच दिसली! घरी जाऊन तिनं जे तोंड सोडलं ते मला नानांनीच नंतर सांगितलं.

"अजून मुलाखत व्हायचीये नाना! झाली न्हाई निवड तर?"

"निकालानंतर समदेच लावतेत," नाना म्हणाले. "आधी लावला त्याचंच नाव होतं."

अण्णांनी फ्लेक्स उतरवून घडी घालून ठेवला. पण बसस्टँडवर उतरणाऱ्या प्रत्येकानं तो पाहिला होता आणि निम्मं गाव पेढे मागून गेलं होतं. दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये रेणुका खिडकीकडे तोंड करून म्हणाली, "आता नापास व्हायची बी सोय ठेवली न्हाई सर यांनी." मला तिच्याबद्दल फार वाईट वाटलं, आणि नानांचा रागही पुरता येईना.

*

मुलाखत ऑनलाइन होती. कॉलेजात विद्यापीठाच्या परीक्षा चालू असल्यानं ती घरूनच द्यायची ठरली. मी लॅपटॉप सांभाळायला गेलो होतो. नेटवर्क फक्त पुढच्या खोलीत खिडकीजवळ येत होतं. आणि तिथल्या भिंतीवर खताच्या कंपनीचं कॅलेंडर, चार देव, लग्नाचे फोटो आणि बंद घड्याळ. संस्थेची सूचना होती, मागची भिंत मोकळी हवी.

नाना म्हणाले, "थांबा, पडदा लावतो." आणि त्यांनी तोच फ्लेक्स आणून उलटा लावला. मागची बाजू पांढरीशुभ्र! वरचे दोन कोपरे खिळ्यांना अडकवले. खरोखर झकास दिसत होतं. मी नानांना शाबासकी दिली.

मुलाखत छान रंगली. पडद्यावर तीन परीक्षक. पानांआडच्या फळांचा अंदाज कसा काढणार, तो चुकला तर किती चुकेल, हे रेणुका सुरेख सांगत होती. तिला घाम आलेला बघून तिच्या आईनं मायेपोटी कोपऱ्यातला टेबलफॅन फुल केला.

फ्लेक्सचा एक कोपरा खिळ्यातून निघाला आणि सगळा फ्लेक्स पुढं दुमडून दुसऱ्या खिळ्यावर लोंबायला लागला. छापील बाजू कॅमेऱ्यात, तीही तिरकी. पडद्यावरच्या एका सरांनी मान वाकडी केली. मग दुसऱ्यांनी केली. तिसऱ्या मॅडमना मराठी येत होतं. त्यांनी सावकाश सगळं वाचलं आणि मराठीतच विचारलं, "तुमची निवड झाली? आम्हाला कुणी कळवलं नाही."

मी खिडकीखाली हॉटस्पॉटसाठी मोबाईल धरून बसलो होतो.

रेणुकानं मागं वळून पाहिलं, पुन्हा कॅमेऱ्याकडे पाहिलं. "मॅडम, हा माझ्या काकांचा अंदाज आहे," ती म्हणाली. "त्यांनी एकच उदाहरण पाहून काढलाय. चुकायची शक्यता बरीच आहे."

मॅडम हसल्या, मग त्यांनी इतरांना इंग्रजीत सांगितलं, तेही हसले. मॅडमनी विचारलं, "आणि चुकला तर? काय करणार याचं?"

रेणुका उत्तर द्यायच्या आत दारातून अण्णा बोलले, "कडब्यावर टाकू मॅडम. वाया जात न्हाई."

*

आणि खरंच टाकला. पावसाळा तोंडावर होता, घराच्या मागं कडब्याची गंजी उघडी होती आणि जनावरांचं वर्ष त्या गंजीवरच होतं. रेणुकाच्या आईनं स्वतः उभं राहून फ्लेक्स घट्ट बांधून घेतला. छापलेली बाजू आत ठेवली. मी विचारलं तर म्हणाल्या, "उन्हानं पोरीचा चेहरा उडंल ना."

मग ताकीद दिली: निकाल येवो न येवो, गंजीला कुणी हात लावायचा नाही. नाना एकदा नुसते दोरी बघायला गेले तर त्यांना जेवायच्या ताटावर ऐकावं लागलं!

निकालाची वाट पाहण्यात दिवस गेले. शेळके सर रोज विचारायचे, "मेल?" आणि रेणुका मान हलवायची. पुढं पुढं त्यांनी विचारणं बंद केलं, नुसते तिच्याकडे बघायचे.

एके दिवशी दुपारी मी भोकरदनला बहिणीकडे असताना तिचा फोन आला. मागं नुसता आरडाओरडा.

"काय झालं गं? मेल आला का?"

मागं कुणीतरी सावकाश, सावकाश म्हणून ओरडलं.

"रेणुका, अण्णा कुठंयत? त्यांना फोन दे."

"अण्णा गंजीवर चढलेत सर."

"गंजीवर? या उन्हात? कशाला?"

"फ्लेक्स सोडून राह्यलेत."

"अगं, मग आई किती बोलतील!"

"आईच खालून दोरी ओढून राह्यली."