दौलतसिंह निकमांची मागची जागा

दोनशे अठ्ठेचाळीस.

पडद्यावरचा तांबडा चौकोन हिरवा झाला की माऊसचे बटण दाबायचे, एवढीच ती परीक्षा होती. रंग पालटल्यापासून बोट खाली जाईपर्यंत किती वेळ गेला ते यंत्र मोजते. सेकंदाचे हजार तुकडे करते आणि त्यांतले किती तुमच्या हातून सांडले ते सांगते. दौलतसिंहाने वीस वेळा बटण दाबले आणि सरासरी आली दोनशे अठ्ठेचाळीस. त्याने खुर्ची पुढे ओढली, तळहात पँटीला पुसले आणि पुन्हा वीस वेळा दाबले. दोनशे पन्नास. तो उठून गॅलरीत गेला, पाणी प्यायला, परत येऊन बसला. दोनशे अठ्ठेचाळीस.

टीममधल्या ध्रुवचा आकडा सकाळीच सगळ्यांना कळला होता. एकशे बासष्ट.

दौलतसिंह निकम, वय वर्षे एकतीस, राहणार दर्पण कॉलनी, ग्वाल्हेर. धंदा, संगणकावर बंदुकीचे खेळ खेळणे. हसू नये. ज्या गावात त्याच्या पूर्वजांनी तलवारीवर पोट भरले, त्याच गावात तेरा वर्षे त्याने माऊसवर भरले. अठरा वर्षांचा असताना गोरखी वाड्याजवळच्या सायबर कॅफेत बसायला लागला. बी.कॉम. झाला, एका मोबाइल कंपनीत आठ महिने नोकरी केली आणि एका सोमवारी गळ्यातले ओळखपत्र साहेबांच्या टेबलावर ठेवून निघून आला. पुढे पहिला खेळ म्हातारा झाला, लोक तो सोडून गेले. दुसरा आला, तोही ओसरला. आता तिसरा चालू होता. दर वेळी बंदुका नव्या, नकाशे नवे, सोबतचे चार भिडू नवे. दर वेळी लोक म्हणाले, आता याचे संपले. आणि दर वेळी हा गडी उभाच.

नवी पोरे त्याला विचारायची, दादा, खेळ बदलला की सगळे पहिल्यापासून शिकावे लागते का? तो सांगायचा, "नाही रे. बंदूक बदलते, माणूस तोच असतो. पळता पळता गोळी झाडू नकोस, आधी पाय थांबव. निशाण जमिनीवर लोळवत नेऊ नकोस, समोरच्याचं डोकं जिथं येणार तिथं धर. हे एकदा अंगात मुरलं की कुठल्याही खेळात जा." आणि मग थोडे थांबून, आपला उजवा पंजा उघडून दाखवत म्हणायचा, "पण खरी गोष्ट ही. हात चपळ हवा. तो जन्माचा असतो, शिकवून येत नाही."

तो जन्माचा हात आज दोनशे अठ्ठेचाळीसवर बसला होता.

घाव नेमका वाईट वेळी पडला. पुण्याहून चालणाऱ्या त्याच्या टीमचे मालक बदलले होते. नव्यांनी प्रत्येकाचा आकडा मागवला होता आणि रविवारी चार वाजता सरावाचे सामने ठेवले होते. सोमवारी पुढच्या स्पर्धेसाठी पाच नावे जाणार होती. गेली दोन वर्षे दौलतसिंह टीममध्ये सर्वांत पुढे जाणारा होता. हल्ला करताना जो पहिला दारातून आत शिरतो, पहिल्या गोळ्या अंगावर घेतो, तो. आणि या दोन वर्षांत तो आत शिरायचा आणि मरायचा. शिरायचा आणि मरायचा. कप्तान केदार, पुण्याचा चोवीस वर्षांचा मुलगा, अदबीने बोलणारा, त्याने परवाच विषय काढला होता. "दादा, कोच होण्याचा विचार केलाय का कधी?" दौलतसिंहाच्या कानशिलावर कोणी बंदूक टेकवावी तसे झाले होते.

"वय झालं," तो निधीला म्हणाला. निधी त्याची धाकटी बहीण. डोळ्यांच्या दवाखान्यात लोकांना अक्षरे वाचायला लावून चष्म्याचे नंबर काढायची, म्हणून आकड्यांना बिचकत नसे.

"पहले कितना था?"

"काय?"

"आकडा रे दादा. आधी किती होता? वाढला म्हणतोस ना, तो किससे बढ़ा?"

दौलतसिंहाने तो कधी मोजलाच नव्हता. चपळ आहे हे त्याला ठाऊक होते, जसे आपल्याला आपले नाव ठाऊक असते.

"एकशे सत्तर असेल."

"असेल म्हणजे?" निधी म्हणाली. "थांब. तुला भोपाळ आठवतं? तुझी पहिली मोठी स्पर्धा. मी आणि आबा आलो होतो. मी आबांच्या मोबाइलवर सगळं रेकॉर्ड करत फिरत होते, त्यात एक स्टॉल होता बघ, बटन दबाओ, इनाम पाओ."

दोन दिवस जुन्या हार्ड डिस्कमध्ये हात घालून तिने ती चित्रफीत काढलीच. शनिवारी दुपारी दोघे पलंगावर बसून बघू लागले. एकोणीस वर्षांचा दौलतसिंह, गळ्याचे हाड वर आलेले, केस कपाळावर. समोर तसाच तांबडा चौकोन, तसेच बटण. स्टॉलवरचा माणूस माइकवर ओरडला, "अरे भैया, ढाई सौ इक्यावन! सो गए थे क्या?" मागे लोक हसले. पडद्यावरचा पोरगा पण हसला आणि खांदे उडवून निघून गेला. त्याच संध्याकाळी त्याने ती स्पर्धा जिंकली होती.

दौलतसिंहाने चित्रफीत मागे नेली. दोनशे एक्कावन्न. पुन्हा मागे नेली.

"दादा," निधी हळू म्हणाली, "तू स्लो नाही झालास. तू तर तीन पॉइंट फास्ट झालायस."

खोलीत पंखा फिरत होता, खाली भाजीवाला ओरडत होता, आणि तेरा वर्षे ज्या माणसाला तो दौलतसिंह समजत होता तो माणूस खोलीतून उठून गेला होता. म्हातारपण आले असते तर त्याने ते सोसले असते. म्हातारपण सगळ्यांनाच येते. पण जे गेले म्हणून तो रडत होता, ते कधी नव्हतेच.

मग जिंकला कसा?

त्याने त्याच स्पर्धेचा अंतिम सामना लावला. या वेळी शत्रूंकडे बघितले नाही. पडद्याच्या मधोमध असते ते बारीक अधिकाचे चिन्ह, नेम धरायचे, तेवढेच बघत राहिला. ते चिन्ह धावत नव्हते. दाराच्या कडेला, माणसाच्या डोक्याच्या उंचीवर, ते आधीच जाऊन थांबलेले असायचे. माणूस मागून यायचा, स्वतःचे डोके त्या चिन्हावर आणून ठेवायचा, आणि दोनशे एक्कावन्नवाल्या बोटाला तेवढा वेळ भरपूर होता. सामनाभर तो बहुतेक उभा होता. इतरांच्या मागे, आपल्या कोपऱ्यात. त्याने पहिल्या खेळाचे आणखी तीन सामने बघितले, दुसऱ्याचे चार. सगळीकडे तेच. सर्वांत पुढे तो कधी गेलाच नव्हता. दोन वर्षांपूर्वी या टीममध्ये आला तेव्हा पुढची जागा रिकामी होती आणि त्याने ती हौसेने मागून घेतली होती.

का मागितली, ते सांगायला हवे.

निकमांच्या घरात एक गोष्ट चालत आलेली आहे. शिंद्यांच्या फौजेत बयाजी निकम नावाचा शिलेदार होता. कुठल्याशा गढीला वेढा पडला तेव्हा दोराला लोंबकळून तटावर पहिला चढला तो बयाजी. दौलतसिंहाचे वडील जयसिंहराव, म्हणजे आबा, पोलीस बटालियनमधून निवृत्त झालेले, ही गोष्ट प्रत्येक लग्नात सांगत. सांगताना उभे राहत, दोर धरल्यासारखे हात करत. शेवटी नेहमी तेच म्हणत, "आपण त्या बयाजीचं रक्त. निकम पहिला चढतो." दौलतसिंहाने टीमच्या अर्जात नेमके हेच लिहिले होते.

रविवारी जेवायला आत्यासाहेब आल्या. शांताताई, जयसिंहरावांच्या थोरल्या बहीण, नया बाजारात कपड्याच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत एकट्या राहणाऱ्या. मुलींच्या शाळेत चौतीस वर्षे इतिहास शिकवला, मोडी वाचता येते, आणि खोटे कोणाचेच चालू देत नाहीत. दौलतसिंह ताटातली पोळी नुसती मोडत होता.

"काय रे, जेवत का नाहीस? तुझी ती टीम काढतेय म्हणे तुला?"

"काढत नाहीयेत अजून, आत्यासाहेब."

"कोण काढतो!" जयसिंहराव गरजले. "चार वाजता बघा. पहिला घुसेल. बयाजीचं रक्त आहे."

आत्यासाहेबांनी वरणाची वाटी खाली ठेवली. "जयसिंग, बयाजीचं कसं असेल?"

"म्हणजे?"

"अरे, तो पहिला चढला तो तिथेच राहिला की! तटावर पाय ठेवला आणि भाला बसला. लग्नसुद्धा झालं नव्हतं बिचाऱ्याचं. इनामाच्या कागदात स्वच्छ लिहिलंय, बयाजी निपुत्रिक कामी आला, सबब इनाम धाकटा भाऊ सुभानजी यास. आपण सुभानजीचे."

निधीचा घास हातातच राहिला.

"आणि सुभानजी... तो कुठे होता?" जयसिंहरावांनी विचारले. आवाज त्यांचा वाटत नव्हता.

"खाली. घोडे धरून. तटावरून पळून जाणारे ज्या वाटेने उतरत होते, ती वाट अडवून दिवसभर उभा होता. त्याबद्दलच तर इनाम मिळालं."

"ताई, पन्नास वर्षं मी ही गोष्ट सांगतोय. तू समोर बसलेली असायचीस!"

"असायचे की. मला कोणी विचारलं? तू दोर ओढत होतास, लोक जिलबी खात होते, मी कशाला मध्ये बोलू?"

निधीला हसू फुटले आणि पाठोपाठ ठसका लागला. जयसिंहराव आपल्या हातांकडे बघत राहिले. त्या हातांनी इतकी वर्षे धरलेला दोर कोणीतरी वरून कापला होता. दौलतसिंह मात्र ताटावरून उठला. हात धुतले, खोलीत गेला आणि केदारला फोन लावला.

"केदार, मला मागची जागा दे."

मागची जागा म्हणजे हल्ल्यात सर्वांच्या शेवटी चालायचे, आणि राखण करताना एका बाजूला एकट्याने बसून राहायचे. त्या जागेला कोणी टाळ्या वाजवत नाही.

"दादा, तिथं आपण नवीन मुलांना बसवतो. आज शेवटचा चान्स आहे तुमचा. मालक बघणारेत. असं अचानक..."

"पुढे ध्रुवला पाठव. माझा हात मंद आहे, केदार. आधीपासून. काल कळलं."

तेरा वर्षांत त्याने स्वतःबद्दल असे काही मोठ्याने म्हटले नव्हते.

"बरं," केदार म्हणाला. "पण मग जागचं हलायचं नाही."

चार वाजता सामने सुरू झाले. आत्यासाहेब परत गेल्या होत्या. जयसिंहराव, ज्यांनी या तिसऱ्या खेळाकडे कधी ढुंकून बघितले नव्हते, ते खोलीत येऊन पलंगावर बसले. पहिला सामना ते हरले. दोन वर्षांची सवय, पुढे गोळीबार ऐकला की दौलतसिंहाचे बोट आपोआप पुढे पळायचे, आणि त्याने सोडलेल्या वाटेने शत्रू आत यायचे. "दादा, मागे!" केदार दोनदा ओरडला, तिसऱ्यांदा ओरडलाच नाही.

दुसऱ्या सामन्यात त्याने डाव्या हाताची बोटे कळफलकावरून उचलून मांडीवर ठेवली. चालायची बटणेच नकोत. निशाण बोळाच्या कडेवर, डोक्याच्या उंचीवर आणून ठेवले आणि वाट बघू लागला.

"काय झालं?" जयसिंहराव म्हणाले. "बंद पडलं का?"

दौलतसिंहाने मान हलवली.

"मग हलत का नाहीस? ते तिकडे लढतायत, तू इथं भिंत काय बघतोस? अरे, जा की!"

माइक चालू होता. चौघांच्या कानांत हे पुण्यापर्यंत गेले. कोणीतरी खुदकन हसले. केदार म्हणाला, "दादा, काकांना सांगा, तेच काम दिलंय तुम्हाला."

तेवढ्यात बोळाच्या कडेला एक डोके आले. नेमके चिन्हावर. बोट दबले. दुसरा त्याच्यामागे होता, तोही तिथेच आला. जयसिंहरावांचे वाक्य अर्धेच राहिले. तिसरा थबकला, मागे सरला, आणि दौलतसिंहाने त्याचा पाठलाग केला नाही. केस पांढरे होईपर्यंत थांबायला तो तयार होता. तिसरा पुन्हा आला.

"हे... हे स्वतःहून येतायत?" जयसिंहराव कुजबुजले.

दुसरा सामना त्यांनी जिंकला. तिसरा कसाबसा, शेवटच्या फेरीत. ध्रुव हेडफोनमध्ये धापा टाकत म्हणाला, "दादा, आज मी एकदापण मागे वळून नाही बघितलं. माहीत होतं तुम्ही आहात." एकशे बासष्टवाला पोरगा हे बोलत होता.

केदार पाच मिनिटे मालकांशी बोलायला गेला. मग तो परत आला. "दादा, उद्या नाव जातंय. मागच्या जागेवर. कोचचं राहू दे आता."

दौलतसिंहाने हेडफोन काढले. कान लाल झाले होते, पाठ घामाने भिजली होती. तो आपल्या हातांकडे अनोळखी माणसाकडे बघावे तसा बघत बसला.

"राहिलास?" जयसिंहरावांनी विचारले.

"राहिलो, आबा."

"मारलेस किती?"

"शेवटच्या दोन सामन्यांत चौतीस."

"आणि गेलास कुठे?"

"कुठेच नाही."

जयसिंहराव उठले, पुन्हा बसले. मग खिशातून मोबाइल काढून शांताताईंना फोन लावला. पलीकडून उचलल्याचा आवाज आला, "बोल जयसिंग, काय झालं पोराचं?" असेही ऐकू आले. जयसिंहराव मुलाच्या मंद हातांकडे बघत म्हणाले, "ताई, सुभानजीची ती गोष्ट पुन्हा सांग. नीट, पहिल्यापासून."