यमुनाक्कांचा अंदाज

यमुनाक्का विणताना सुयांकडे बघत नसत. समोरच्या माणसाकडे बघत. मांडीवर सुयांचं आपलं चाललेलं असे आणि अक्कांचे डोळे आलेल्या बाईच्या खांद्यांवरून, छातीवरून, कमरेवरून सावकाश खाली उतरत. त्यांनी कुणाला टेप लावलेली मी पाहिली नाही. बघून झालं की टाके घालायला घेत, आणि तो स्वेटर अंगात असा बसे की शिंप्यानं तोंडात बोट घालावं.

लग्न होऊन मी पुण्याहून बंगळूरला आले तेव्हा बसवनगुडीतल्या आमच्या वठारात, म्हणजे तिकडच्या चाळीत, मराठी बोलणारी बिऱ्हाडं दोनच होती, अक्कांचं आणि मालतीच्या आईवडिलांचं. आम्ही तिसरे. ट्रंका अजून उघडल्या नव्हत्या, मी साखर मागायला म्हणून अक्कांच्या दारात गेले. त्या व्हरांड्यात वेताच्या खुर्चीत बसल्या होत्या. मला वरपासून खालपर्यंत बघून म्हणाल्या, "डावा खांदा पडलाय की गं तुझा. सासूला दाखवला होतास काय लग्नाआधी?"

मी रडवेली झाले. त्यांनी वाटीभर साखर दिली, वर गूळ दिला, आणि म्हणाल्या, "रडतीस कशाला? पडलाय तर पडलाय. मी डाव्या बाजूला दोन टाके जास्त घालीन, कुणाला कळणार नाही." पहिल्या थंडीत त्यांनी मला विटकरी रंगाचा स्वेटर विणून दिला. खरंच कुणाला कळलं नाही. फक्त त्याआधी सगळ्या वठाराला त्यांनी सांगून ठेवलं होतं.

अक्का निपाणीकडच्या. त्यांच्या मराठीत कानडी इतकं मिसळलेलं, की मला सुरुवातीला निम्मं समजत नसे. "स्वल्प सरक की," म्हणायच्या आणि आपल्या शेजारी बसवून घ्यायच्या. नवरा कुठल्याशा सरकारी कचेरीत होता आणि घरात जवळजवळ बोलत नसे. एकुलता मुलगा हुबळीला नोकरीला. दुपारी वठारातल्या आणि शेजारच्या गल्लीतल्या मुली विणकाम शिकायला येत. शिकवणं अक्कांना आवडे; पण शिकवण्यापेक्षा उसवणं जास्त आवडे, असं मला वाटतं. एखादीनं महिनाभर खपून स्वेटरची पाठ पुरी करून आणावी, अक्कांनी ती उजेडात धरावी, सुई काढून घ्यावी आणि धागा ओढत सुटावं. मुलगी समोर बसून बघत राही. "तिसऱ्या ओळीला चुकलीस आणि वर मनोरा बांधलास होय?" असं म्हणून लोकरीचा गुंडा तिच्या ओटीत टाकीत. एकदा शाळेतल्या एका बाईंचं असंच उसवलं. त्या बाई परत आल्या नाहीत.

आणि याच अक्का माझ्या पहिल्या बाळंतपणात दिवसरात्र माझ्या उशाशी होत्या. आई पुण्याहून निघू शकली नव्हती. मला ताप चढला तेव्हा त्यांनी बाळाला आपल्या पदराखाली घेतलं, माझी घाण काढली, शेक दिला, आणि तोंडानं सतत "पुण्याच्या पोरींत काही दम नाही" हे पालुपद चालू ठेवलं. माझ्या मुलाच्या अंगावरचा पहिला कपडा त्यांच्या हातचा आहे. त्यांच्याविषयी लिहायचं तर हेही लिहायला हवं.

बासष्टच्या हिवाळ्यात चीनशी लढाई जुंपली आणि गावोगावच्या बायका जवानांसाठी स्वेटर विणायला बसल्या. आमच्या भागातल्या बायका अक्कांच्या व्हरांड्यात जमत. लोकर वाटणं, टाके सांगणं, चुकलेलं उसवणं, सगळं अक्कांकडे. त्या दिवसांत त्या फार खुशीत होत्या.

मालती तेव्हा एकोणीस वर्षांची होती. कॉलेजात जात असे, बोलायला मऊ, हात सफाईचा. अक्कांनी जिचं कधी उसवलं नाही अशी ती एकटीच. तिचं लग्न धारवाडच्या एका मुलाशी ठरलं होतं. एका दुपारी ती आईबरोबर आली, अंगात आदल्या वर्षी अक्कांनीच विणलेला निळा स्वेटर. व्हरांडा बायकांनी भरलेला होता. मालती बसायला वाकली आणि अक्कांच्या सुया थांबल्या. त्या थांबलेल्या मी पहिल्यांदाच पाहिल्या.

"उभी राहा गं."

मालती उभी राहिली.

"खालची बटणं लाव."

मालतीनं ओढून पाहिलं. बटणं लागेनात. ती ओशाळून हसली. "आटला असेल, अक्का."

"माझी लोकर आटत नाही. खांद्याला बरोबर आहे, हाताला बरोबर आहे. मग पोटालाच कसा आटला?" अक्कांनी तिच्या आईकडे पाहिलं. "कितवा महिना म्हणायचा हा?"

एका कानडी बाईनं शेजारणीला हळूच अर्थ विचारला आणि शेजारणीनं तो सांगितला. मालतीची आई उठली, मुलीचा दंड धरला आणि तिला घेऊन गेली. अक्का पुन्हा विणू लागल्या. "कुणीतरी बोलायला हवं होतं," एवढंच म्हणाल्या.

धारवाडकरांचा नकार आठवड्याच्या आत आला. त्यांना कुणी कळवलं ते समजलं नाही. कळवायला पोस्टाची गरज नव्हती. वडिलांनी मालतीचं कॉलेज बंद केलं. भिंतीपलीकडून मारल्याचे आवाज आम्हाला ऐकू येत. "नाव सांग त्याचं," वडील विचारीत. मालती म्हणे, "कुणी नाही हो, बाबा." पुन्हा मार.

मी तिच्या आईला विहिरीवर गाठून म्हटलं, "काकू, निदान डॉक्टरीणबाईंना दाखवा."

"आणि तिथल्या नर्सनं गावभर केलं म्हणजे?" त्या म्हणाल्या. "उरलीसुरली अब्रू आहे, ती राहू दे."

मालतीला मावशीकडे खेड्यात धाडलं. वठारातल्या बायका बोटं मोजत बसल्या. नऊ महिने होऊन गेले, दहावा लागला, आणि मग ती तिथे पोट धरून कोसळली. बैलगाडीनं आणि पुढे बसनं तिला बंगळूरच्या दवाखान्यात आणलं. पोटात गाठ होती. नारळाएवढी. वाढता वाढता ती आत सगळीकडे चिकटली होती, त्यामुळे गर्भाशयही काढावं लागलं. डॉक्टरीणबाई मालतीच्या वडिलांना म्हणाल्या, "हिवाळ्यात आणली असती तर नुसती गाठ काढून लग्नाला उभी केली असती."

दवाखान्यातून मी सरळ अक्कांकडे गेले आणि सगळं सांगितलं. त्या ऐकत होत्या, सुया चालू होत्या.

"पोट वाढलं होतं की नाही?" त्यांनी विचारलं. "मी खोटं बोलले काय?"

मी उठून घरी आले. बरेच दिवस त्यांच्याकडे गेले नाही.

मालती जगली. पुढे एका प्राथमिक शाळेत शिकवू लागली. लग्नाचं कुणी काढलं नाही. तिची आई आता रस्त्यात अक्का दिसल्या की वाट बदले. त्यानंतरच्या थंडीत अक्कांनी माझ्या हाती एक स्वेटर दिला. दुधी रंगाचा, बारीक जाळीच्या नक्षीचा. इतकं नाजूक काम मी त्यांच्या हातचं दुसरं पाहिलं नाही. "मालतीला दे. माझं नाव सांगू नको." नाव सांगायची गरज नव्हतीच. मालतीनं घडी उलगडली, नक्षीवरून हात फिरवला, आणि दारात टोपली घेऊन आलेल्या फुलवालीला तो देऊन टाकला. फुलवाली अंगानं दुप्पट. तिनं तो तसाच चढवला. सगळी थंडी ती "हूवा, हूवा" ओरडत अक्कांच्या व्हरांड्यासमोरून जाई आणि बगलेत उसवलेला तो स्वेटर अक्का रोज सकाळी बघत.

नवरा निवृत्त झाल्यावर त्यांनी हुबळीला मुलाकडे जायचं ठरवलं. निघायच्या आदल्या दिवशी त्या माझ्याकडे आल्या. "चल जरा माझ्याबरोबर," म्हणाल्या. आम्ही मालतीकडे गेलो. मालती रगड्यावर उडीद वाटत होती. अक्का दाराशीच उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "माझं चुकलं, पोरी."

इतक्या वर्षांत हे वाक्य मी त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं. मालतीनं हात थांबवला नाही.

"त्या दिवशी व्हरांड्यात किती बायका होत्या, अक्का," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "आज इथे कोण आहे? एक या वहिनी," आणि माझ्याकडे मान वळवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी निरोपाला सगळ्या जमल्या. त्याच बायका, बहुतेक. मालती शाळेला निघाली होती, तीही येऊन कडेला उभी राहिली, छत्री हातात धरून. टांग्यात चढायच्या आधी अक्का वळल्या आणि सगळ्यांकडे पाहिलं. त्यांचे ओठ हलले. मी वाट पाहत होते. माझ्याइतकीच मालतीही पाहत होती, हे तिच्या मानेवरून दिसत होतं.

"तुळशीला पाणी घालत जा गं कुणीतरी," अक्का म्हणाल्या आणि वर चढल्या. टांगा वळेपर्यंत मालती तिथेच उभी होती.

वर्ष सरलं नाही तोच हुबळीहून निरोप आला, अक्का गेल्या. मी शाळेच्या फाटकाशी जाऊन मालतीला सांगितलं. मधली सुट्टी संपत आली होती.

"शेवटी काही बोलल्या का?" तिनं विचारलं.

"अर्धांगवायू झाला होता. वाचा आधीच गेली होती म्हणे."

"सरी, बरं, वहिनी," मालती म्हणाली, आणि मुलींना रांगेत उभं करायला आत गेली.